गार्डकाकांना हवं असलेलं जहाज

रायपूरच्या मराठी माणसांचा एक ठाम समज आहे. कोकणातला माणूस म्हणजे थेट समुद्रातून बाहेर आलेला. मी रत्नागिरी जिल्ह्यातली आहे हे खरं, पण माझं गाव घाटाच्या पायथ्याशी. तिथून समुद्र गाठायचा तर एसटीत अर्धा दिवस जातो, आणि आमच्याकडे कुणाला तेवढी फुरसत नसे. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा समुद्र पाहिला, खाडी ओलांडायला तरीत बसले, आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ओकत होते. मासे खाते, पण बांगडा आणि सुरमईच्या पलीकडे माझी ओळख जात नाही. हे सगळं मी इथे प्रत्येकाला सांगून थकले. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तरी बी, तुम्ही समुद्राकडच्याच न!"

त्यात माझी नोकरी भूजलाच्या सरकारी कार्यालयात. म्हणजे जमिनीखालचं पाणी. अभनपूरकडच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं आणि नवा रायपूरच्या ऑफिसात बसून त्याचे नकाशे करायचे. ज्या पाण्यात कागदाची होडीसुद्धा जाणार नाही, त्या पाण्यावर माझं पोट आहे. पण इथल्या हिशेबात कोकण अधिक पाणी म्हणजे बाई समुद्राची जाणकार. मासळी बाजारात शेजारणी मला मासा ताजा आहे का ते विचारायला फोन करतात. मी वैतागून "आहे ताजा" म्हणते, आणि तो ताजाच निघतो. त्यामुळे समज आणखी पक्का होतो.

मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ते काका मालगाडीवर गार्ड आहेत. आजोबांच्या वेळी वर्ध्याकडून रेल्वेबरोबर इकडे आलेलं घर. त्यांच्या पदाला आता इंग्रजीत नवं झकास नाव मिळालं आहे, पण काका स्वतःला गार्डच म्हणवतात. गार्ड म्हणजे सबंध गाडीच्या शेपटाला, एकट्याने, हलणाऱ्या डब्यात बसून पुढचं सगळं नीट चाललंय ना यावर नजर ठेवणारा माणूस. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक पाटी लावलेली असते. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनमास्तर ती पाटी दिसते का ते बघतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्येच कुठे एखादा डबा सुटून मागे राहिलेला नाही. हे मला काकांनीच समजावलं, आणि एकदा नाही, बऱ्याचदा.

हा धंद्यातला गुण त्यांनी घरातही आणला आहे. लग्नाला निघालो की सगळ्यात मागे काका. विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्यात मागे काका. संध्याकाळी मी ऑफिसातून परतते तेव्हा ते फाटकाशी उभे असतात, कारण घरातली सगळ्यात उशिरा येणारी मीच. मी आत पाऊल टाकलं की ते मोठ्याने म्हणतात, "आला शेवटचा डबा!" आणि कुलूप लावतात. चाळिशीच्या बाईला रोज डबा म्हटलेलं कसं वाटतं ते मी त्यांना दोनतीनदा सुनावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा.

त्यांची मुलगी एकुलती एक. इंजिनिअरिंग झालेली, उंच, दणकट, पायऱ्या दोन-दोन टाकत चढणारी. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देणार. घरात आई मराठीत ओरडते, ही हिंदीत ओरडते, आणि भांडण अगदी सुरळीत चालतं. त्या वर्षी पावसाळ्यात तिची नौदलात अधिकारी म्हणून निवड झाली. मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सगळं पार पडलं होतं. दिवाळीनंतर प्रशिक्षणाला केरळात हजर व्हायचं. शेजारपाजाऱ्यांनी पेढे खाल्ले, मी जिन्यात तिला मिठी मारली, काकूंनी देवापुढे नारळ ठेवला. आणि काका म्हणाले, "पाहू."

काकांचं "पाहू" म्हणजे नाही. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

"रायपूरच्या पोट्टीले समुद्र काहून पाहिजे?" ते मला म्हणाले. मी पाण्याची मोटर चालू करायला खाली आले होते आणि आयती सापडले. "इथं तलाव कमी आहेत का? रेल्वेत परीक्षा दे म्हणलं, तं देत नाही."

"काका, तिला तिकडं जायचंय. एवढी हुशार मुलगी, अडवताय कशाला?"

त्यांनी मोटरवरचं फडकं उचलून झटकलं. मग म्हणाले, "जमिनीवर कुठंबी गेली तं मी पोहोचतो, ताई. रूळ आहेत, फोन आहे, स्टेशनमास्तर आहे. पाण्यावर कोण आहे? हिची गाडी पूर्ण आली का नाही आली, मले सांगन कोण?"

मी मोटर लावली आणि वर आले. पण मुलीवर मात्र भडकले. "तू सज्ञान आहेस. पैसे मागत नाहीस, परवानगी कायद्याने लागत नाही. बॅग भर आणि चालू पड."

ती जिन्यातल्या पायरीवर बसली होती. "दीदी, बाबा हाँ बोलेंगे तभी जाऊँगी. आप उनको जानती नहीं हो? मैं ऐसे ही चली गई, तो वो गेट पे ही खड़े रह जाएँगे."

माझा राग तिथेच उतरला. काका खरंच उभे राहिले असते.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू दिसायला गरीब, पण आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली व्याख्यानमाला त्याच चालवतात, आणि एवढी वर्षं वक्ते आणि श्रोते दोघांनाही पळून जाऊ न देणारी बाई गरीब असूच शकत नाही. गणपती बसायच्या थोडं आधी मी मंडळात वर्गणी द्यायला गेले तर बाहेरच्या फळ्यावर त्या वर्षीचे विषय लिहिलेले होते. तिसऱ्या ओळीत माझं नाव. पुढे विषय: आधुनिक नौदलाने कोणती जहाजे घ्यावीत?

मी तशीच आत गेले. "काकू, हे काय आहे?"

"व्याख्यान आहे."

"कुणाचं?"

"तुमचंच तं आहे. नाव वाचता येते न?"

"मला नौदलातलं ओ की ठो कळत नाही!"

"तुम्ही कोकणातल्या न?" काकूंनी पावतीपुस्तक मिटलं आणि आवाज खाली आणला. "हे पाहा, घरात विषय काढला का हे ताटावरून उठतेत. रात्रीची ड्यूटी मागून घेतेत. पण सभेत? सभेत हे हलत नाहीत. किती बी बोर असू द्या."

ते मात्र खरं. व्याख्यान हा काकांचा धर्म आहे. वक्ता बोलत असताना उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. एका वर्षी एक गृहस्थ दातांची निगा या विषयावर एवढं बोलले की अर्धं सभागृह हळूहळू प्रसादाच्या टेबलाकडे सरकलं. काका शेवटपर्यंत पहिल्या रांगेत ताठ बसून होते, आणि शेवटी उठून त्यांनी दाढेबद्दल प्रश्नही विचारला. अख्ख्या रायपुरात ही एकच जागा होती जिथे काकांना नौदलावरचं काहीतरी पूर्ण ऐकून घ्यावं लागणार होतं.

"खरा नौदलातला माणूस बोलवा ना नागपूरहून," मी शेवटचा प्रयत्न केला.

"त्याचं हे ऐकतीन, पण मानणार नाहीत. तो तं त्याच्याच दुकानाचं सांगन. तुमचं मानतेत."

मी पाय आपटत घरी आले. जिना चढून गेल्यावर लक्षात आलं की रागाच्या भरात मी नाही म्हणायचंच विसरले होते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. काका ड्यूटीवर गेले की मी खाली उतरायची आणि ती पोट्टी जेवणाच्या टेबलावर आरमार मांडायची. मोठा कुकर म्हणजे विमानवाहू जहाज. त्याच्या भोवती स्टीलचे पेले म्हणजे विनाशिका आणि फ्रिगेट, कारण कुकर एकटा कधी फिरत नाही, त्याला सांभाळायला सोबत लागते. तेलाचा डबा म्हणजे इंधन आणि रसद पुरवणारं जहाज. चमचे म्हणजे पाणबुड्या, ते तिने टेबलावरच्या कापडाखाली सारले. "दिखना नहीं चाहिए दीदी, यही तो इनका काम है."

पहिल्या दिवशी मी मुकाट ऐकलं. दुसऱ्या दिवशी शंका काढल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही भांडलो.

तिचा जीव विनाशिकांवर. क्षेपणास्त्रं, रडार, वेग. नवीन काय घ्यावं म्हटलं की तिचं उत्तर तयार: मोठी जहाजं, आणखी एक विमानवाहू, कारण एक दुरुस्तीला गेलं तरी दोन्ही किनाऱ्यांवर एक-एक हवंच. मला ते पटत होतं, पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारी जहाजं असतात. लहान, मंद, दिसायला सामान्य. सुरुंग स्वस्त असतो आणि अख्खं बंदर बंद पाडतो. मग बाहेर कितीही भारी जहाजं उभी असोत, आतली आत आणि बाहेरची बाहेर. "आधी ही घ्या," मी म्हटलं. "आणि तुमचे तेलाचे डबे वाढवा. कुकर मोठा आणून ठेवला आणि गॅस संपला तर काय वाजवायचा?"

"इन पे कोई ताली नहीं बजाता, दीदी."

"टाळ्या नाहीत म्हणून नको? मग आमचं भूजलाचं खातं बंदच करायला हवं!"

खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. समुद्राचा तळ मोजून नकाशे करणारी जहाजं आहेत हे कळलं तेव्हा तर मी खुर्चीतून उठलेच. खाली कुठे खड्डा, कुठे उंचवटा, पाणी कुठे जास्त खारट, कुठे गार, हे माहीत असल्याशिवाय पाणबुडी लपणार कशी आणि दुसऱ्याची सापडणार कशी? म्हणजे मी विहिरीत टेप सोडते तेच काम, फक्त विहीर जरा मोठी. माणसाशिवाय चालणाऱ्या होड्या, पाणबुड्या हुडकणारी हेलिकॉप्टरं, महिनोन्‌महिने वर न येता राहू शकणाऱ्या अणुशक्तीच्या पाणबुड्या, सगळं आमच्या टेबलावर आलं. हेलिकॉप्टर म्हणून लसूण ठेवली होती.

एकदा बेत जवळजवळ फसला. काकांची गाडी कुठेतरी अडकून रद्द झाली आणि ते अचानक घरात आले. टेबलावर कुकर, भोवती पेले, कापडाखाली उंचवटे. त्यांनी सगळ्यावर एक नजर फिरवली.

"हे काय चालू आहे?"

 काकूंनी शांतपणे विमानवाहू जहाज उचललं, त्यात डाळ आणि पाणी घातलं आणि गॅसवर चढवलं. "वरण लावून राहिली," त्या म्हणाल्या. काका हातपाय धुवायला गेले. पाणबुड्या मात्र जेवायला बसेपर्यंत कापडाखालीच राहिल्या.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी काकूंनी मला पंडरीच्या कापडबाजारात ओढत नेलं. साडी निळीच हवी, कारण विषय समुद्राचा. मला निळा रंग शोभत नाही, पण ऐकतंय कोण. परत येताना त्या रिक्षात एकदम म्हणाल्या, "एक सांगू का, ताई? ते बुडण्याचं काही नका बोलू. सुरुंग सांगा, हेलिकॉप्टर सांगा, कायचंबी सांगा. पण बुडते, मरते, असं काही ह्यांच्या कानावर नको." मुलीनेही सकाळी तेच बजावलं होतं. माझ्या भाषणात पाणबुडी बुडाली तर आतल्या माणसांना सोडवणाऱ्या जहाजाचा एक परिच्छेद होता. मी तो काढून टाकला. तेवढ्याने काही बिघडत नव्हतं, असं मला वाटलं.

सभागृह भरलं होतं, कारण त्या दिवशी प्रसादाला साटोऱ्या होत्या. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली. "आजच्या वक्त्या म्हणजे साक्षात सागरकन्या. ज्यांचं बालपण लाटांवर गेलं..." मी माइक हातात आल्या आल्या सांगून टाकलं की माझं बालपण भाताच्या खाचरात गेलं आणि होडीत मला उलट्या होतात. लोक हसले, आणि किती विनयशील बाई आहे अशा नजरेने बघू लागले. मी कपाळावर हात मारायचा फक्त बाकी ठेवला.

पण भाषण बरं झालं. कुकर आणि तेलाचा डबा मी तिथेही वापरला. समोर बसलेल्या बायकांना आरमार माझ्यापेक्षा लवकर समजलं. मुख्य म्हणजे काका पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मालगाडी जाताना बघतात तसं बघत होते. मागच्या खांबाला टेकून त्यांची मुलगी उभी होती, आणि दारापाशी काकू साटोऱ्यांवर आणि आमच्या तिघांवर एकदमच लक्ष ठेवून होत्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं, "या विमानवाहू जहाजाचं ॲव्हरेज किती पडते?" मी म्हटलं, ते लिटरला किलोमीटर विचारण्यातलं जहाज नाही, म्हणूनच तेलाचा डबा सोबत हवा. एका आजींना काळजी वाटली की इतक्या लोकांचा सैपाक कोण करते आणि शाकाहारी भांडी वेगळी राहतात का. मी म्हटलं, आजी, भांड्यांचं विचारून सांगते. सगळे खुशीत होते. मग काका उठले.

ते उठले की माइक त्यांच्याकडे न्यायचा असतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. त्यांनी माइक घेतला नाही.

"ताई, तुम्ही चांगलं सांगितलं. मारणारी जहाजं सांगितली, शोधणारी सांगितली, तेल नेणारी सांगितली." ते थांबले. "पण एखादं माणूस पाण्यात राहिलं, एखादं जहाज खाली गेलं, तं त्यायले घेऊन येणारं जहाज कोणतं? ते तुम्ही सांगितलंच नाही. का नसते असं जहाज?"

 दारातून काकू माझ्याकडे मान हलवून नको नको म्हणत होत्या.   एखादं गोड उत्तर द्यावं, आजकाल जहाजं बुडत नाहीत म्हणून टाकावं, असं मनात आलंही. पण हा माणूस आयुष्यभर गाडीच्या शेपटाला बसून डबे सुटतात का ते बघत आलेला. त्याला काय सांगणार, की डबे सुटत नाहीत?

"असतं, काका," मी म्हटलं. "मी ते मुद्दाम वगळलं होतं. पाणबुडी तळाशी अडकली, तर एक छोटं यान खाली उतरतं, तिच्या दाराला जाऊन चिकटतं आणि माणसांना थोडी-थोडी करून वर आणतं. त्याला वाहून नेणारी जहाजं असतात. हेलिकॉप्टरं असतात, दवाखान्याची जहाजं असतात. आपल्याकडे यातलं काही आहे, पण किनारा केवढा लांब आहे. कोणती जहाजं घ्यावीत असं मला कुणी विचारलं, तर मी ही आधी मागेन. आणि दर वेळी सगळी माणसं वर येतातच, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

काका बसले नाहीत. उभेच होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा."

ती खांबापासून पुढे आली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि ही पोट्टी, जिने एवढ्या वर्षांत मला मराठीत "चहा घ्या" म्हटलं नव्हतं, ती आपल्या आईच्या मराठीत बोलायला लागली. अडखळत, पण बोलली.

"बाबा, जहाजावर पण गिनती होते. रोज होते. एक माणूस पाण्यात पडला तं जो पाहते तो ओरडते, त्याच्यावरून नजर हटवत नाही, बोट दाखवत राहते. आणि जहाज मागं फिरते. केवढंबी मोठं असू द्या, मागं फिरते. तुमची गाडी तं मागं येत नाही."

काकांना हे खपलं नाही. भर सभेत त्यांनी तिला दुरुस्त केलं. "येते. गाडीबी मागं घेता येते. पण कंट्रोलले विचारावं लागते. परवानगी लागते."

"जहाजाले नाही लागत," ती म्हणाली. "माणूस पडला म्हणलं, का फिरते. कोणालेच विचारत नाहीत."

 काकांनी नुसतं "हव" म्हटलं. छत्तीसगढीतलं "हो", इथे सगळ्यांच्याच तोंडी बसलेलं. आणि ते खाली बसले. तो होकार होता की फक्त कळलं एवढंच, ते कुणालाच समजलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले आणि लोक साटोऱ्यांवर तुटून पडले.  काकूंनी माझ्या हातात साटोरी ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. रागावल्यात की काय, मला कळेना.

परतीच्या वाटेवर काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून चालत आले. फाटकाला कुलूप लावून झोपायला गेले.  गणपती गेले, पितृपक्ष आला, घरात विषय निघेना. मुलगी माझ्या खोलीत येऊन बसायची, मोबाइल बघायची, खाली जायची. मला वाटत होतं, परिच्छेद काढला होता तो काढलेलाच राहू द्यायला हवा होता. मी उगाच खरं बोलायला गेले.

मग नवरात्रात एका सकाळी मी मोटर लावायला खाली आले. काका अंगणात दाढी करत होते. आत मुलगी पोहे खात होती. काकांनी आरशातून डोळे न हलवता आवाज दिला, "रिजर्वेशन केलं का?"

आतून चमचा पडल्याचा आवाज आला. "किसका, बाबा?"

"तुलेच विचारून राहिलो. दिवाळीची गर्दी असते, नंतर वेटिंगवर लटकशीन. खालची बर्थ घेजो." आणि त्यांनी वस्तऱ्यावरचा साबण झटकला.

ती बाहेर धावत आली ती थेट बापाच्या अंगावर. अर्धी दाढी, अर्धा फेस, तो सगळा तिच्या गालाला लागला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "म्हणलं होतं न, तुमचं मानतेत!" मी त्यांना सांगणार होते की माझं नाही, तुमच्या मुलीचं मानलं. पण सांगितलं नाही. मला रडू येत होतं आणि माझी टाकी वर भरून वाहायला लागली होती.

दिवाळीनंतर आम्ही तिला सोडायला स्टेशनवर गेलो. काकूंनी चकल्यांचा एवढा मोठा डबा दिला होता की मी म्हटलं, हे रसद पुरवणारं जहाज वेगळं पाठवावं लागणार. मुलगी हसत होती, रडत होती, खिडकीतून आईचा हात सोडत नव्हती. काका मात्र कुठेच दिसेनात. गाडी सुटायची वेळ झाली तरी पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. एकुलती एक पोर चालली आणि हा माणूस गेला कुठे? गाडी हलली, तिने हात केला, मी हात केला, आणि मग गर्दीतून त्यांना शोधत पुढे, इंजिनाकडच्या टोकाकडे निघाले.

ते फलाटाच्या अगदी टोकाला उभे होते, जिथे फरशी संपते आणि दगड सुरू होतात. तिथून खिडकीतली माणसं फार वेळ दिसत नाहीत. एक-एक डबा त्यांच्यासमोरून गेला. तिचा डबा गेला तेव्हा तिने बाहेर हात काढून जोरजोरात हलवला. त्यांनीही हात वर केला. सगळ्यात शेवटचा डबा आला, त्याच्या पाठीवरची पाटी दिसली, ती लहान होत वळणावर नाहीशी झाली. तोवर ते हलले नाहीत.

"पूर्ण गेली," ते म्हणाले.

मग आम्ही परत चालायला लागलो. थोडं पुढे आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ते तुमचं जहाज. वर आणणारं. सरकारले लिहा न तुम्ही. दोन-चार जास्तीची घ्या म्हणा."

लिहिते, म्हटलं. मी कोकणातली आहे, माझं सरकार ऐकेल, याची त्यांना खात्री होती.